यज्ञेश्वर सरांचं मानधन

हिंदी मुलखातल्या माधव नगरात यज्ञेश्वर सरांना ओळखत नाही असा मराठी माणूस विरळा. बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी उभा जन्म लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. संध्याकाळी कॉलेजच्या मैदानात मल्लखांब शिकवायचा आणि फी म्हणून छदामही घ्यायचा नाही. "आमच्या घराण्यात विद्या विकत नाहीत," असं ते सांगत. घराणं जुन्या संस्थानाच्या दरबारी चाकरीतलं. त्या चाकरीचा पगार पूर्वजांनी नाकारला होता काय, हे विचारायची कुणाची छाती होती! कॉलेज वर्षाकाठी सरांना शाल, श्रीफळ आणि एक पाकीट देई. ते सर बिनदिक्कत घेत. ते पैसे नव्हते, मानधन होतं.

शर्वरी त्यांची लाडकी शिष्या. ती दोरीच्या मल्लखांबावर चढली की बघणारे श्वास रोखून धरत. कॉलेजच्या प्रवेशाच्या जाहिरातीत, टावर चौकातल्या फलकावर तिचाच फोटो झळकत होता. तिच्या वाट्याला मात्र एक ट्रॅकसूट आणि सरावानंतरची केळी. वडिलांचं काम सुटलेलं, म्हणून कॉलेजनंतर ती साडीच्या दुकानात उभी राही आणि तिथून सरावाला येई.

दिवाळीनंतर नानाखेड्याच्या एका इव्हेंटवाल्यानं तिला लग्नांत खेळ दाखवायला बोलावलं. एका लग्नाचे पैसे दुकानाच्या महिन्याच्या पगाराएवढे. गुरूला विचारल्याशिवाय कुठं चढायचं नाही, ही आखाड्याची रीत. म्हणून ती विचारायला आली.

"सर, बस शादीच्या सीझनपुरतं. दुकान सुटेल, प्रॅक्टिसला टाइम भेटेल."

"आपण काय बँडबाजेवाले आहोत? पैसे घेऊन चढलीस तर माझ्या दोरीला हात लावायचा नाही."

"जी, सर."

तिनं नकार कळवला. सरांना कोण अभिमान वाटला! भेटेल त्याला ते सांगत सुटले.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी दुकानात लग्नसराईची झुंबड होती. सकाळपासून उभी असलेली पोर तशीच मैदानात आली. पाहुण्यांसाठी ती वर चढली, पायाच्या अंगठ्यात धरलेली दोरी निसटली आणि ती गादीच्या बाहेर पाठीवर आपटली. मणका गेला. चालणं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सर तिच्या उपचारांसाठी मदत मागायला प्राचार्यांकडे गेले.

"सरजी, बच्ची अपने शौक से खेलती थी. हमारे यहाँ नौकरी पर थोड़े ही थी," म्हणत प्राचार्यांनी हात वर केले. विमाही स्पर्धेपुरताच होता म्हणे. जिच्या फोटोवर वर्ग भरले, तिच्यासाठी तिजोरीत दमडी नव्हती. सर उठताना त्यांना यंदाचं पाकीट मात्र आठवणीनं दिलं गेलं.

जिना उतरताना सरांना स्वतःची किळस आली. या पोरांच्या घामावर इतकी वर्षं आपण पाकिटं घेतली आणि तिला मात्र विद्या विकू नकोस म्हणून दरडावलं. ते तडक इस्पितळात गेले.

"कॉलेजनं दिलंय मला, कार्यक्रमाचं," पाकीट तिच्या उशाशी ठेवत ते म्हणाले. "तुझंच आहे हे."

शर्वरीनं पाकिटाकडे बघत विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सरांनी सोसला असता.

"सर, हे खेळाचेच पैसे ना? मी घेतले तर चालेल? तुम्ही नाराज नाही होणार?"

तिनं पाकिटाला हात लावला नाही. सरांनी 'घे' म्हणण्याची ती वाट बघत होती.