दस्त्यावरची हळद

रायफल विकत घेणं सोपं असतं हो. ती माणसात आणताना जीव जातो.

अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात. त्या उन्हाळ्यात नवऱ्याची गाडी बाहेर गेली आणि तिच्या जागी मी टेबल मांडून रायफल ठेवली. कुठल्याशा देशाच्या सैन्याने मोडीत काढलेली, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपली आपण चढते. नवरा म्हणाला, "यार, बाकीच्या बायका पॉटरी करतात." मी म्हटलं, "मग त्यांच्यातली एखादी बघायची होतीस."

हा सगळा खटाटोप माझ्या वडिलांसाठी होता. आबा आमचे साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. अशाच लाकडी दस्त्याच्या जड रायफली त्यांनी उभी नोकरी वागवल्या. पण आम्ही गावी आणि ते सरहद्दीवर, त्यामुळे रायफल खांद्याला लावलेले आबा मी कधी पाहिलेच नव्हते. त्या जूनमध्ये ते आणि आई आमच्याकडे आले. त्यांचे गुडघे बघता पुन्हा एवढा प्रवास होईल असं वाटत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, नोव्हेंबरात परत जायच्या आत एकदा तरी त्यांच्या खांद्याला रायफल लागलेली बघायची. एवढीच इच्छा. यात काय अवघड आहे?

सगळंच! आधी ते ग्रीस. गंज चढू नये म्हणून सैन्याने ती रायफल ग्रीसमध्ये नुसती बुडवून ठेवली होती. लोखंडाचं पुसून निघालं, पण लाकूड पिऊन बसलं होतं. कुणीतरी सांगितलं, दस्ता काळ्या पिशवीत घालून उन्हात तापत्या गाडीत ठेव, सगळं बाहेर येतं. आलं की! पिशवी फुटली आणि सगळं सीटवर आलं. गाडी कुणाची, ते सांगायला नकोच.

मग वाटलं, जुनं लाकूड मरू दे, नवा प्लॅस्टिकचा दस्ता बसवू. बसवला. आबांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "जत्रेत फुगे फोडायला बरी आहे." झालं! काढला तो. पुन्हा लाकूड, पुन्हा सॅंडपेपर. घासून घासून माझी बोटं सोलली आणि आबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होते. "उलटं घासू नको. रेघा बघ लाकडाच्या."

"मग तुम्हीच घ्या ना हातात!"

"मला चालत नाही."

हा सगळ्यात मोठा डोक्याला ताप. ऑगस्टमध्ये मी गोळीबाराच्या रेंजवर फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने इथे बंदूक हातात घ्यायची नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण आबा कुठे हरणं मारायला निघालेत? मी अमेरिकन नागरिक, बारा भानगडी करून ही रायफल घेतली आणि जन्मभर रायफल वागवलेला माणूस तिला हात लावू शकत नाही. मला रडू आलं, रागानेच.

आबांना त्याचं काहीच नाही. "पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं," म्हणाले, आणि त्या दिवसापासून हात पाठीमागे बांधूनच गॅरेजमध्ये यायला लागले. मी हरतऱ्हेने समजावलं. लोखंड तिजोरीत कुलपात आहे, हे नुसतं लाकूड आहे आबा, कायद्यालेखी ही बंदूकसुद्धा नाही. पण सुभेदार तो सुभेदार. "लाकूड काय नि लोखंड काय," म्हणाले. मी हात टेकले.

तरी काम सोडवेना. जवसाच्या तेलाचे हात देत राहिले. एक हात वाळायचा, मग दुसरा. ऑक्टोबरात थंडी पडली आणि तेल वाळेना. शेवटचा हात देऊन दस्ता टेबलावर ठेवला, दार लावून घेतलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. माझ्या लक्षात नव्हतं. आईच्या होतं.

ऑफिसमधून आले तर ओल्या दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर अक्षता चिकटलेल्या आणि दुकानातल्या गुलाबाच्या पाकळ्या! बोटंसुद्धा नेमकी नेम धरताना जिथे गाल टेकतो तिथे. फडक्याने पुसलं तर कुंकू गेलं. हळद जाते का? तेलाबरोबर आत उतरली होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आई, काय केलंस हे! मी सांगितलं होतं ना?"

"ओरडू नको," आई म्हणाली. "नोकरीत असताना हे दर नवमीला रायफलीची पूजा करायचे. रिटायर झाल्यापासून घरी कोयता नि विळी पुजतात. यंदा समोर रायफल आहे, तर ती तशीच ठेवू?"

"आणि आबा गप्प बसले?"

"मी सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून," आबा म्हणाले.

"हात कुठे लावला? एक बोट लावलं," आई म्हणाली.

मी सॅंडपेपर उचलला. तेव्हा आबा पहिल्यांदा टेबलाजवळ आले, हात पाठीमागेच. वाकून त्या पिवळ्या डागाकडे बघितलं. "राहू दे. पूजा झालेलं खरडू नये. तुझं काम झालं, पोरी. आता चालव."

विमानाच्या आदल्या रविवारी आम्ही रेंजवर गेलो. काचेपलीकडच्या बाकावर आबा आणि आई बसले. मी अलीकडे, त्यांच्याकडे पाठ करून. हळदीवर गाल टेकला आणि चाप ओढला. पहिली गोळी कागदाच्याही बाहेर गेली. पुढच्या लागल्या, कुठेतरी कडेला. खांदा ठणकायला लागला. एवढ्या महिन्यांची मेहनत आणि नेम हा असा! चिडूनच बाहेर आले.

आबा म्हणाले, "श्वास सोडून चाप ओढ. बाकी बरं आहे." एवढं बोलून ते गाडीकडे चालायला लागले.

आई मागे राहिली. हळूच म्हणाली, "तू बार काढलास ना, की ह्यांचा उजवा खांदा दर वेळी मागे जायचा. डावा हात असा पुढे धरलेला, नि मान तिरकी. शेजारची गोरी बाई बघतच राहिली."

"अगं मग मला हाक मारायचीस ना!"

"काचेतून काय ऐकू येणार होतं तुला?" आई म्हणाली.