ज्वारीवरून गेलेलं विमान

विमानतळाजवळच्या माझ्या या खोलीवरून विमान गेलं की मांडणीतली ताटं थरथरतात. काल मायशी फोनवर बोलताना तसंच झालं आणि मला उंद्री गावातलं आमचं ज्वारीचं वावर आठवलं.

कणसांत दाणा भरला होता. उन्हात त्याचा कोवळा, गोडसर वास सुटला होता. मी मचाणावर उभी राहून पाखरं हाकलायला रिकामा डबा बडवत होते. एवढ्यात खूप उंचावरून विमानाची घरघर आली आणि वावराच्या कडेला धुऱ्यावर गवत कापणारी माय ओरडली, "थांबव तो डबा! तुहा भाऊ जाऊन राह्यला."

भाऊ नुकताच दुबईला कामाला गेला होता. तेव्हापासून आभाळातलं प्रत्येक विमान मायसाठी त्याचंच होतं. विळा हातात धरून ती वर बघत राहिली. पाखरं खुशाल कणसांवर उतरली.

"माय, दाणे खाऊन राह्यले ना!"

"खाऊ दे. आवाज जाऊ दे आधी."

मला पाखरांचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, तो पाखरांचा नव्हताच.

भाऊ हल्ली गावाकडे फिरकत नाही. काल विमानाच्या आवाजात माझं बोलणं बुडालं, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "माय, ऐकून राह्यली ना?"

तिकडून ती हळूच म्हणाली, "थांब बाई. जाऊ दे त्याले."

विमान जाईपर्यंत मी फोन कानाला धरून थांबले. मी गाव सोडलं ते एसटीनं. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की माय हातातलं काम थांबवते का, हे मी तिला कधी विचारलं नाही.