कवळीमास्तरांची मोनालिसा

कवळीमास्तरांनी अडतीस वर्षं लोकांचे दात केले, पण कुणाच्या तोंडात कधी डोकावले नाहीत. तोंडं पुढच्या खोलीत, दातांच्या डॉक्टरांकडे. मागच्या खोलीत यायचा तो त्या तोंडाचा प्लास्टरचा साचा. मास्तर त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात रोवायचे आणि कवळी तयार झाली की पाण्याच्या वाटीत ठेवून द्यायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. डॉक्टर एकदा थट्टेनं ‘मास्तर’ म्हणाले आणि तेच नाव पडलं.

त्या खोलीची एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडायची. त्यामुळे मेण-प्लास्टर पुरवणाऱ्या कंपनीनं एका वर्षी जगप्रसिद्ध चित्रांचं कॅलेंडर दिलं, तेव्हा मास्तरांनी ते टेबलासमोरच टांगलं आणि वर्ष सरलं तरी उतरवलं नाही. चित्रकलेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते आपले तोंडं बघायचे.

पुलावर उभा राहून, गालांवर हात ठेवून किंचाळणारा तो माणूस? “कवळी पाण्यात पडली त्याची. नवीच होती.” शेवटच्या भोजनाचं चित्र? “तेरा माणसं पानावर बसलीत आणि एकाच्याही तोंडात घास नाही. कवळ्या मागच्या खोलीत तयार होतायत, म्हणून खोळंबलेत बिचारे.” मोत्याचा डूल घातलेल्या मुलीला डॉक्टरांनी नुकतंच ‘आ करा’ म्हटलेलं होतं. आणि मोनालिसा? मास्तर मान हलवून सांगायचे, “वरचे पुढचे दोन वाकडे. पैज लावा. नाहीतर एवढं जपून कोण हसतं?”

डॉक्टर पोट धरून हसायचे. मग कुणी पाहुणा आला की त्याला मागच्या खोलीत आणायचे, “मास्तर, ती चित्रांची सांगा जरा.” दिवसभर भिंतीकडे तोंड करून काम करणाऱ्या माणसाला हे नवीनच होतं. मास्तरांच्या जिभेला चव लागली.

त्यांच्या बायकोचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. तिला त्याचं काहीच वाटत नसे. ती हसली की जिन्याखालच्या बिऱ्हाडाला कळायचं. लग्न ठरवताना मास्तरांची आई म्हणाली होती, “मुलगी हसते फार.” मास्तरांना मनातून तेच आवडलं होतं, पण तसं ते कुणापाशी बोलले नाहीत, तिच्यापाशीही नाही.

दवाखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. मास्तरांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. जेवणं झाली, फोटोसाठी सगळे ओळीत उभे राहिले. कुणीतरी काहीतरी बोललं आणि मास्तरांची बायको खळखळून हसली. डॉक्टरांनी वळून बघितलं. मास्तरांना वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं.

“ए मोनालिसा, मीट तोंड! डॉक्टरांनी बघितलं तर उद्या खुर्चीत बसवतील तुला!”

सगळी ओळ हसली. डॉक्टर सर्वांत जास्त. तीही हसली असावी; मास्तरांनी तिच्याकडे बघितलंच नाही, ते डॉक्टरांकडे बघत होते.

नाव मात्र पसरलं. भावजय म्हणू लागली, शेजारणी म्हणू लागल्या, पोरं तर सरळ ‘मोनालिसा काकू’ म्हणायची. ती कधी चिडली नाही. पण हसू आलं की तिचे नुसते खांदे हलायचे, फार झालं तर नाकातून थोडा आवाज. मास्तरांना वाटलं, वय वाढलं की बायका शांत होतात.

एकवीस वर्षांनी मुलगी माहेरी आली असताना तिला कपाटात एक जुनी कॅसेट सापडली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मामानं तिचे बोबडे बोल टेप केले होते. बाळ काहीबाही बडबडत होतं आणि मागे एक बाई जीव जाईस्तोवर हसत होती.

“बाबा, ही कोण हसतेय?”

“अगं, आई तुझी.”

“काहीतरीच!” मुलगी म्हणाली. “आई कुठे अशी हसते?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. मास्तरांनी टेप बंद केला. त्यांना त्या दिवशीची ती ओळ आठवली, डॉक्टरांचा चेहरा आठवला. आत जाऊन दोन शब्द बोलावेत असं फार वाटलं. उद्या बोलू म्हणाले. त्या उद्याला सात वर्षं लागली.

एका दुपारी बायको बाजारातून आली ती तोंडावर रुमाल धरून. हिरड्या सुजून पुढचे दोन्ही दात हलत होते, म्हणे. चार गल्ल्या पलीकडच्या कुणा डॉक्टरकडून ते काढून घेऊन ती आली होती.

“आपले डॉक्टर असताना तिकडे कशाला गेलीस?”

“त्यांच्यापुढे तोंड उघडावं लागलं असतं,” ती म्हणाली आणि चूळ भरायला गेली.

जखम भरल्यावर मास्तरांनी तिला घरीच खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः माप घेतलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा ते कुणाच्या तोंडात बघत होते. साचा तयार झाला, मेण लागलं. दात अगदी पूर्वीसारखे करायचे, एकावर एक चढलेले, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पहिला दात चिमट्यात धरला आणि हात थांबला. कुठला कुठल्यावर होता? डावा उजव्यावर, की उजवा डाव्यावर? त्यांनी घरातले सगळे फोटो काढले. एकूण एक फोटोत तिचं तोंड मिटलेलं. मुलीला फोन केला, तिलाही आठवेना. दहा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची दाढ तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्या बायकोचे दात आठवत नव्हते.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ती भाजी निवडत होती.

“तुझा कुठला दात वर होता गं?”

तिनं मान वर केली नाही. “डावा. पण आता सरळच करा.”

“तसेच करतो ना. मला आवडायचे ते.”

“मग तेव्हा सांगायचं होतंत,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही थट्टा केलीत त्याचं एवढं नाही. पण डॉक्टर माझ्या तोंडाकडे वळून बघत होते, आणि तुम्ही त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलात.”

“चुकलं माझं.”

“हो,” ती म्हणाली. “चुकलंच.” आणि निवडलेली भाजी पाण्यात टाकली.

मास्तरांनी दात सरळ केले. इतकं सुबक काम त्यांच्या हातून क्वचितच झालं असेल. तिनं आरशात बघितलं, ‘बरे आहेत’ म्हणाली आणि कामाला लागली. पुढच्या महिन्यात मास्तर कामावरून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी चित्रांची आठवण काढली, तेव्हा ‘आता विसरलो’ म्हणून त्यांनी विषय टाळला.

नवी कवळी काही दिवस टोचतेच. दर दोन-चार दिवसांनी दुपारी ती खिडकीपाशी येऊन बसते, कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवते. मास्तर चष्मा लावून कड घासतात, फुंकर मारतात, धुऊन परत देतात.

“आता?”

“डावीकडे अजून थोडं,” ती म्हणते, आणि ते पुन्हा कानस उचलतात.