मामांचा डावा गाल

देवासला एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं उंदीर सांभाळले. पदाचं नाव मोठं होतं, काम हेच. उंदीर काळे, तळहातावर मावणारे. त्यातल्या निम्म्यांच्या अंगात जन्मापासून एक एन्झाइम नव्हतं, निम्मे धडधाकट. दिसायला सगळे सारखे, म्हणून पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असत.

माझे मामा धारला राहतात. आजोळचं घराणं संस्थानाच्या काळापासून तिथलं. मामा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि आता सकाळी देवळात पूजा सांगतात. आमचे बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले आणि मी हिंदी शाळेत शिकले. त्यामुळे माझं मराठी ऐकताना मामांचा चेहरा कायम खडा लागल्यासारखा असतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी धारला गेले होते. जेवताना मामांनी विचारलं, "तू तिथं नक्की करतेस काय? मराठीत सांग."

मी सांगितलं. मेंदू स्वतःच अफूसारखं काम करणारे छोटे तुकडे बनवतो, त्यांनी दुखणं कमी होतं. पण हे तुकडे आधी एका लांब साखळीत असतात. ती साखळी कापायला एन्झाइम लागतं. आमच्या निम्म्या उंदरांत ते नाही, त्यामुळे साखळी न कापता पडून राहते आणि तुकडे कमी पडतात. हे तुकडे मेंदूत ज्या जागांवर जाऊन बसतात त्यांना रिसेप्टर म्हणतात. तुकडे कमी झाल्यावर त्या जागांचं काय होतं, ते आम्ही बघत होतो. काही भागांत त्या वाढलेल्या दिसत होत्या.

"एन्झाइम म्हणजे विकर," मामा म्हणाले. "रिसेप्टर म्हणजे ग्राही. पुढे?"

मामी पोळ्या घेऊन आल्या. त्यांनी एवढ्यातला एकच शब्द ऐकला होता. "अफू? तुझ्या बाबांना माहितीय का गं हे?"

"मामी, अफू नाही. अफूसारखं. आपल्या डोक्यात पण असतं."

"आमच्या डोक्यात नाही," मामी म्हणाल्या आणि पोळी वाढून गेल्या.

"उंदराला दुखतंय हे कसं कळतं?" मामांनी विचारलं.

"गरम पत्र्यावर ठेवतो. त्यानं पंजा चाटला की घड्याळ थांबवायचं आणि त्याला लगेच उचलायचं."

मामांनी घास घेतला आणि ते थांबले. डावा हात गालाजवळ गेला, पण गालाला लागला नाही. नजर ताटात. सवयीनं मी मनात सेकंद मोजायला लागले. अकरा झाले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि पुढचा घास न घेता पाणी प्यायले.

"असंच करतात आजकल," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बोलता बोलता गप्प. श्रावणापासून यांचा मूडच खराब आहे."

जेवण संपेपर्यंत तसं आणखी दोनदा झालं. मामा फक्त उजव्या बाजूनं चावत होते. त्यांची दाढीही उजव्याच गालाची केलेली होती. डाव्या गालावर आठवड्याभराचे पांढरे खुंट होते. मामींना वाटायचं, नजर कमी झाली.

हात धुताना मी विचारलं, "मामा, डावा गाल दुखतो?"

"नाही."

"दाढी एकाच बाजूची आहे."

त्यांनी नळ बंद केला. "वीज पडल्यासारखं होतं," ते म्हणाले. "गालाला पाणी लागलं, वारा लागला, बोललं, की होतं."

"कोणाला दाखवलं?"

"दाताच्या डॉक्टरला. दोन दाढा काढल्या. दोन्ही चांगल्या होत्या, असं तो नंतर म्हणाला."

"आणि मामींना का नाही सांगितलं?"

"ती रडेल. मग मला समजूत घालावी लागेल. म्हणजे बोलावं लागेल."

प्रयोगशाळेत उंदरानं पंजा चाटला की त्याला उचलायचं, हा लेखी नियम होता. मामा श्रावणापासून पत्र्यावर उभे होते आणि रोज पूजा सांगत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्या काळात मी दोनदा येऊन जेवून गेले होते.

पुढच्या आठवड्यात त्यांना इंदूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कापसाचा बोळा गालाला लावला, तेव्हा मामा खुर्चीतून अर्धे उठले. तपासण्या झाल्या. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं निघालं.

"माझ्यात एखादं विकर कमी आहे का?" मामांनी डॉक्टरना विचारलं.

"क्या?"

मी हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, एक रक्तवाहिनी नसेवर टेकली आहे. मामा थोडे निराश झाले.

गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच दिवसांत वीज कमी झाली. मामींना सगळं कळलं आणि त्या रडल्या. मामांनी त्यांची समजूत घातली, अर्धा तास. गोळ्यांनी झोप येते. एका सत्यनारायणात मामांनी कथेचा तिसरा अध्याय दोनदा सांगितला. यजमानांनी तक्रार केली नाही, प्रसाद थंड झाला एवढंच.

मग मामांनी माझं काम मराठीत लिहायला घेतलं. मी दर रविवारी जायची, सांगायची, ते लिहायचे. विकर नसलेले उंदीर पत्र्यावर लवकर पंजा चाटतील असं मला वाटलं होतं. तसा फारसा फरक निघाला नाही. तुकडे कमी आणि जागा जास्त, त्यात हिशेब बरोबरीत सुटत असेल, एवढंच मी म्हणू शकत होते. मामांना हे फार आवडलं नाही, पण त्यांनी जसंच्या तसं लिहिलं.

चार पानं झाल्यावर त्यांनी ती मामींना वाचून दाखवली. मामींनी पूर्ण ऐकलं आणि मला विचारलं, "मेंदूतल्या त्या जागा तू मोजल्यास कशा?"

"मेंदू बाहेर काढून."

"म्हणजे उंदीर?"

"हो मामी."

मामांनी पानं एकावर एक नीट लावली. मामी चहा ठेवायला उठल्या.