पूरबाईचा कोरडा नकाशा

ऑफिसात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की पूरबाई. कारण सरळ होतं. बाई जाईल तिथे पूर दाखवायची, तोही लॅपटॉपवर.

शहराच्या नियोजन कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर 'हवामान संवाद कक्ष' होता. कक्ष कसला, झेरॉक्स मशीन आणि जिना यांच्यामध्ये उरलेली जागा ती! तिथे बसून तिने एक नकाशा बनवला होता. त्यात पत्ता टाकायचा आणि खालची पट्टी उजवीकडे सरकवायची. वर्षं पुढे जातात तसं नदीचं निळं पाणी एकेक गल्ली गिळत येतं. पुढच्या चाळीस वर्षांचा अंदाज त्यात होता. तो पत्रकारांना आणि धोरणं ठरवणाऱ्यांना समजावून सांगायचा, हे तिचं काम. दोन्ही मंडळी भारीच गुणी. पत्रकार विचारायचे, "मॅडम, आजच्या आज बुडेल असं काही आहे का?" धोरणवाले विचारायचे, "माझ्या कारकिर्दीत तर नाही ना?" पाणी बिचारं दोघांच्याही सोयीने यायला तयार नव्हतं.

तरी बाई हटायची नाही. आलेख कसा वाचायचा, नकाशा बातमीत कसा जोडायचा, शक्यता म्हणजे अफवा नव्हे, हे सगळं ती घसा बसेपर्यंत सांगायची. एक ज्येष्ठ वार्ताहर तर खास पहिल्या रांगेत बसून डुलक्या काढायचे आणि शेवटी उठून म्हणायचे, "फार छान. एक फोटो होऊन जाऊ दे." दुसऱ्या दिवशी फोटो छापून यायचा. बाई, साहेब आणि चहाचे कप त्यात अगदी स्पष्ट दिसायचे.

साहेब म्हणजे तिचे विभागप्रमुख. भला माणूस. कुणाला म्हणून दुखवायचा नाही, त्यातून वरच्यांना तर नाहीच नाही. नदीकाठच्या सखल जमिनीवर एक नवी वसाहत उभी राहिली, तेव्हा त्यांनी पूरबाईला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, चाळीस वर्षं कशाला हो? तेव्हा तुम्ही कुठे, मी कुठे! पट्टी दहावर थांबवा. खोटं काही बोलायचं नाही. पुढचं फक्त दाखवायचं नाही."

"पण साहेब, दहा वर्षांत तिथे काही दिसतच नाही. पाणी पंधराव्या वर्षानंतर चढतं."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?" साहेब प्रसन्न हसले.

पूरबाई दोन दिवस धुमसली. मनातल्या मनात राजीनामे लिहिले, फाडले. नोकरी कंत्राटी, मुदत वाढायची ती साहेबांच्या सहीने. शेवटी तिने पट्टी दहावर थांबवली. आकडे तर खरेच आहेत, अशी स्वतःची समजूतही घातली. भरपूर शिकलेली होती, त्यामुळे ती लगेच पटली.

आणि मग एका रविवारी, आई ज्याच्याकडे राहायची तो धाकटा भाऊ उड्या मारतच तिच्या घरात शिरला. हातात चावी.

"ताई, घर घेतलं! तळमजला, पुढे छोटी बाग. आईला आता जिने चढायला नकोत. सगळी पुंजी ओतलीय, पण घर बघशील तर बघत राहशील."

कुठे घेतलं, ते त्याने सांगितलं. नदीकाठची नवी वसाहत.

"अरे, मला विचारायचंस तरी!"

"विचारलं की! तुझ्या नकाशाला विचारलं. पट्टी पार टोकापर्यंत सरकवली. एक थेंब नाही!"

तिने मग सगळं सांगून टाकलं. "पंधरा वर्षांनंतर तुझ्या घरात पाणी शिरेल. एकदा नाही, वरचेवर. पट्टी मी कापलीय. चुकले रे मी. लाज वाटते मला माझी." इतकं सोपं बोलणं तिला एकाही कार्यशाळेत जमलं नव्हतं.

आता हा आकांडतांडव करणार, म्हणून ती मान खाली घालून बसली. भावाने चावी खिशात टाकली आणि विचारलं, "अजून कुणाला माहीत आहे हे?"

"मला आणि साहेबांना."

"मग थोडे दिवस गप्प बस. मी घर विकून मोकळा होतो. मग लाव तुझी पट्टी हवी तेवढी."

"कुणाला विकशील?"

"घेईल कोणीतरी. मला काय त्याचं?"

तिला वाटलं, साहेबच आपल्या सोफ्यावर येऊन बसलेत. जाताना भाऊ दारातून म्हणाला, "निदान आईचा तरी विचार कर." तिने तो केला. चार दिवस दुसरं काहीच केलं नाही. घर बुडालं तर आईचं, आणि विकलं तर कुणाच्या तरी आईचं. जेवण जाईना, झोप येईना.

गुरुवारी कार्यशाळा होती. साहेब व्यासपीठावर, पत्रकार खुर्च्यांवर. पूरबाईने पडद्यावर एक पत्ता टाकला आणि पट्टी सरकवली. दहा झाली. पट्टी थांबली नाही. पंधराच्या पुढे निळा रंग बागेत आला, मग भिंतीला लागला, मग घर दिसेनासं झालं.

"मॅडम, तांत्रिक बिघाड दिसतोय," साहेब घाईघाईने उठले.

"बिघाड होता साहेब. आज सकाळी दुरुस्त केला."

पहिल्या रांगेतली झोप खाडकन उडाली. "घर कुणाचं हे?"

"माझ्या भावाचं. हाच नकाशा बघून घेतलं त्याने. तेव्हा तो मी कापलेला होता."

अहाहा! काय पेनं चालली! शक्यता म्हणजे काय, असं एकानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा आला: 'बहिणीनेच बुडवलं भावाचं घर!' खाली अख्खी बातमी होती आणि त्यात हवामान हा शब्द औषधालाही नव्हता. पण लोकांनी नकाशा मात्र उघडला. जो तो आपापला पत्ता टाकायला धावला आणि दुपारी सर्व्हरने मान टाकली. साहेबांनी अतिशय सौजन्याने कळवलं की तिच्या कंत्राटाची मुदत वाढवण्याची आता आवश्यकता वाटत नाही.

भावाचा फोन आला तो शिव्याशाप घेऊनच. "तू आईच्या पोटची आहेस की त्या नकाशाच्या?" चूक आपली होती आणि भोगतोय तो, हे तिला आतून टोचत होतं. संध्याकाळी जाऊन त्याचे पाय धरायचे, असं तिने ठरवलं.

ती टेबल आवरत होती तेव्हा एक अनोळखी जोडपं जिन्याशी येऊन घुटमळलं. बायकोच्या कडेवर झोपलेलं मूल.

"तुम्हीच ना त्या? बातमीतल्या?" नवरा म्हणाला. "तुमच्या भावाचं घर आम्ही घेणार होतो. काल संध्याकाळी बोलणी पक्की करायची होती. तेवढ्यात आमच्या शेजारच्या पत्रकाराने कार्यशाळेतलं सांगितलं."

पूरबाईने खुर्ची पुढे केली. "त्याने पाण्याचं काही सांगितलं होतं तुम्हाला?"

"मंगळवारी आम्हीच विचारलं होतं," बायको म्हणाली. "नदी जवळ आहे, पुढेमागे काही त्रास नाही ना म्हणून. तर हसले. म्हणाले, माझ्या सख्ख्या बहिणीचा नकाशा आहे, डोळे झाकून घ्या."

मंगळवार. रविवारी त्याला सगळं सांगून झालं होतं.

संध्याकाळी पूरबाई भावाकडे गेली. माफी मागायला नाही, आईला आपल्या घरी घेऊन यायला.