पत्र्याच्या पेटीतली गाठ

राग आला की मी गप्प बसत नाही. दादाला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो माझ्याशी खोटं बोलला असणार.

बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्याने फर्मान काढलं, बाबांना पाण्याची गाठ आहे असं सांगायचं. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म घालवलेला माणूस, त्याला आम्ही कुक्कुलं बाळ ठरवलं. मीही मान डोलावली, याची आजही चीड येते.

मी नवा रायपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असतो. त्याचे पातळ काप काढून आम्ही ते रंगवतो. एक ठराविक प्रथिन असलं तर काप तपकिरी होतो. म्हणजे नेहमीची किमो बहुधा लागू पडणार नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बाबांची वडी आणायला सांगितलं होतं. मी दादाच्या मागे लागले, तर हॉस्पिटलवाले देत नाहीत हे त्याचं ठरलेलं उत्तर. तोवर किमोचे तीन डोस झाले. बाबांचे केस गेले, जेवण सुटलं, आणि नव्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली.

मी तडक हॉस्पिटलात जाऊन रजिस्टर उघडायला लावलं. वडी नेल्याची दादाची सही पहिल्या डोसच्याही आधीची होती.

घरी येऊन त्याला धारेवर धरलं. वडी त्याने कपाटात लपवली होती, माझ्याकडे पोचवायच्या आधीच ती तिथून गायब झाली, आणि बाबांना विचारणार कसं, असं तो खाली बघून सांगू लागला. तेवढ्यात बाबा आतून आले. पेन्शनचे कागद ठेवायची पत्र्याची पेटी उघडून त्यांनी वडी माझ्या हातात दिली.

"काहून नाही सांगितलं, बाबा?"

"चिठ्ठी होती संगं. मले वाचता येते ना. तुम्ही लपवून राहिले होते, मंग मी बी लपवली. तुमाले वाईट वाटलं असतं."

आग लागो असल्या मायेला. तीन डोस फुकट गेले. त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं, तपकिरी रंगाचा अर्थसुद्धा. यापुढे या घरात लपवाछपवी चालणार नाही, असं दोघांनाही ठणकावलं.

काप गडद तपकिरी आला. मी दोनदा पाहिला, डॉक्टरांना कळवलं आणि घरी आले.

"कोणता रंग आला, बेटा?" बाबांनी विचारलं.

"रिपोर्ट यायचा आहे अजून."

"हव," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता टीव्हीचा आवाज वाढवला.