सातवा टाका

मी दोन इयत्ता शिकलो. तिसरीत मास्तरांशी भांडलो आणि शाळा सोडली. पण सुई हातात घेतली की मैसूरच्या आमच्या पेठेत माझी बरोबरी करणारा शिंपी नव्हता. बढाई नाही, होतं ते सांगतो.

तेव्हा राज्य महाराजांचं. पोटाला कमी नव्हतं, पण वरच्या लोकांविरुद्ध काही छापलं की छापखान्याला कुलूप आणि माणूस तुरुंगात. आमच्या गल्लीत एक शाळामास्तर राहायचे. आम्ही त्यांना इकडच्या रीतीनं मेष्ट्रु म्हणायचो. त्यांनी एक तपासाची गोष्ट लिहिली. देवळातला दागिना जातो, एक साधा शिपाई माग काढत निघतो आणि तो माग थेट एका बड्या साहेबाच्या दिवाणखान्यात पोचतो. छापणार कोण? त्यांनी हातानं नकला केल्या आणि वह्या शिवायला माझ्याकडं आणल्या. गोष्ट वाचूनही दाखवली.

मी म्हटलं, "मेष्ट्रु, तुम्ही खडी फोडायला जाणार."

"ते मी बघतो. तुम्ही शिवून देता का नाही?"

दिल्या शिवून. मेण लावलेला दोरा, आणि दर सातव्या टाक्याला एक उलटा टाका. ही आमच्या घरची रीत, वडिलांनी शिकवलेली. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. असल्या लपूनछपून करायच्या कामात ती रीत सोडायला हवी होती, हे मला सुचलंच नाही. वाईट शिवायची सवय कुठं होती?

महिन्याभरात फौजदार दुकानात आला, मागं दोन शिपाई. हातात त्यातलीच एक वही. अक्षर डाव्या हातानं काढलेलं, म्हणून लिहिणारा सापडेना. तेव्हा गडी शिवणीवरून माग काढत निघाला होता. शिंपी सापडला की मेष्ट्रु सापडणार. तो कानडीत बोलत होता. शिवणीवर बोट फिरवत म्हणाला, "काय हात आहे! हे तुझं?"

"नाही, सामी."

"वाटलंच. तुझ्यानं कुठलं व्हायला असलं काम!"

माझी कानशिलं तापली. माझी बायको आतल्या दारात उभी होती. तिला माझा स्वभाव ठाऊक. ती मराठीत म्हणाली, "अहो, तोंड मिटा. त्यांना दोन पोरी आहेत." मेष्ट्रुंचं नाव तिनं मुद्दामच घेतलं नाही.

"काय म्हणते ही?" फौजदारानं विचारलं.

"जेवण निवतंय म्हणते."

त्यानं कोऱ्या कागदांची चळत माझ्यापुढं टाकली. "जेवशील मग. आधी हे शीव."

दुकानासमोर माणसं जमली. समोरचा शिंपीही आपलं काम सोडून आला. मी टाके मुद्दाम वाकडे घालू लागलो. एक लांब, एक आखूड. फौजदार माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, सुईकडं बघत होता आणि ओठांत टाके मोजत होता. सातव्याला माझा हात आपोआप मागं वळला. सुई कागदात अर्धी शिरली तेव्हा मला कळलं. मी हिसका दिला. दोरा तुटला, कागद फाटला.

"काय झालं?"

"दोरा कुजका आहे, सामी."

नवा दोरा ओवताना सुईचं नेढं दोनदा चुकलं. ते मात्र नाटक नव्हतं. पुढचे टाके सरळ पुढंच रेटले, शेवटपर्यंत, एकही उलटा नाही. त्यानं माझी शिवण वहीशेजारी धरली, बराच वेळ पाहिली, मग कागद माझ्या मांडीवर फेकले.

"याच्याकडं गोणपाटसुद्धा शिवायला देऊ नका रे!"

शिपाई हसले. समोरचा शिंपी सगळ्यांत मोठ्यानं हसला.

पोलिसांच्या गणवेशांचं काम त्या वर्षीपासून त्याच्याकडं गेलं. गिऱ्हाईक कोट घालताना बाह्या ओढून बघू लागलं. मेष्ट्रु एकदा म्हणाले, "माझ्यापायी तुमचं नाव गेलं." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही शाळेत जा, पोरं वाट बघत असतील." ते तीस वर्षं याच गावात शिकवत राहिले, आणि तीस वर्षं मी त्या शिंप्याचं हसणं ऐकून घेतलं.

मेष्ट्रु गेल्या वर्षी वारले. पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. आता कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. ती वही मी शिवली होती.